पहिलं एअर पिस्तूल: जुनं पीसीपी घेऊ की नवं सिंगल स्ट्रोक?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. १० मीटर पिस्तूल सात महिने क्लबच्या पिस्तुलावर करतेय, आता स्वतःचं घ्यायचंय. बजेट सगळं धरून ८० हजार, त्यापुढे खरंच जमणार नाही. परवान्याचा प्रश्न नाही; .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतलंच घेणार आहे.

एक जुनं पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारं), स्टायर कंपनीचं एलपी १०, साठ हजारांत मिळतंय. वीस शॉट मारून पाहिले. ट्रिगर इतका स्वच्छ की बोट कधी दाबलं गेलं ते कळतच नाही, मन तिथेच अडकलंय. पण सिलिंडरवर २०१३ कोरलंय, म्हणजे सिलिंडर वापरायची दहा वर्षांची मुदत उलटून गेली. शिवाय ग्रिप (मूठ) उजव्या हाताची आणि मी डावखुरी. तळव्यात नीट बसत नाही, पकड दर शॉटला बदलते. विकणारे म्हणतात, "ग्रिप घासून घ्या, होईल." मला पटत नाही.

दुसरा पर्याय नवं सिंगल स्ट्रोक, म्हणजे दर शॉटआधी हाताने एकदा दांडा ओढून हवा दाबायची. सिलिंडरची कटकटच नाही. पण मैत्रिणीचं वापरून पाहिलं तेव्हा चाळिसाव्या शॉटनंतर दंड भरून आला, आणि सामन्यात ७५ मिनिटांत ६० मारायचेत.

सिलिंडर भरायची सोय रेंजवर आहे, घरी नाही. यंदा जिल्हा स्पर्धा खेळायची आहे.

एलपी १० चं नवं सिलिंडर आणि डावी ग्रिप भारतात कुणी अलीकडे मागवली आहे का? दोन्ही मिळून उरलेल्या २० हजारांत बसतील का?