‘रेपो’ आवडलेल्यांनी डोकं तपासून घ्यायचं का?

कोरडवाहू (केज)
परवा इथं ‘सिडको एन-९’ नावाच्या सभासदांनी लिहिलं होतं: "‘रेपो! द जेनेटिक ऑपेरा’ नावाचा कचरा ९८ मिनिटं सहन केला. आतडी, किंकाळ्या आणि पॅरिस हिल्टन. ज्यांना हा आवडतो त्यांनी डोकं तपासून घ्यावं." त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मला हा सिनेमा आवडलाय आणि मी तो दोनदा बघितलाय, म्हणून हे लिहितोय.

आधी कबूल करतो. सिनेमातला वसुलीवाला नेथन एका माणसाचं पोट फाडतो, आत हात घालून त्या मढ्याला बाहुलीसारखं नाचवतो आणि त्याच्याकडून गाऊन घेतो, तिथं मीही बंद करणार होतो. भाजलेल्या शेंगा खात होतो, ताटली सरकवून दिली.

पण गोष्ट बघा ना. साल २०५६. अवयव निकामी व्हायची साथ येऊन गेलीय. जीनको कंपनी काळीज, किडनी, डोळे सगळं हप्त्यावर देते. हप्ता थकला की रात्री वसुलीवाला येतो आणि जित्या माणसातून माल काढून नेतो. तेही कायद्यानं. लेखकांपैकी डॅरेन स्मिथला हे १९९६ साली सुचलं. त्याच्या एका मित्राचं दिवाळं निघालं होतं, घरादारावर जप्ती यायला लागली होती. बीज जप्तीचं आहे, रक्त नंतर आलं.

२०१५ च्या दुष्काळात आमच्या काकांचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. हप्ते थकलेले होतेच, नाही म्हणत नाही. चौघं आले. काकूनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं, दारात आलेल्याला द्यायचं म्हणून. सीटवर काकांचा टॉवेल होता. त्यातल्या एकानं तो झटकला, नीट घडी घातली, काकांच्या हातात दिला आणि ट्रॅक्टर चालू केला. शिवी नाही, धक्का नाही. मला नेथनचे हातमोजे बघताना ती घडी आठवली. आता सांगा, डोकं कुणाचं तपासायचं?

सिडको एन-९
काकांचं वाईट वाटलं, मनापासून. पण सिनेमा चांगला का, हे एवढ्या पुराणात एका ओळीत तरी सांगितलंत का? ट्रॅक्टर गेला म्हणून सिनेमा भारी? मग बोअर कोरडा गेलेल्यांनी समुद्रावरचे सगळे सिनेमे बाद करायचे का?

गाण्यांवर बोला. साधं बोलणंसुद्धा रेकून म्हणतात. "दार उघड" म्हणायचं तरी मागं गिटार घासायचं. खर्च ८५ लाख डॉलर, गल्ला दोन लाखांच्या आत. लोक फिरकलेच नाहीत.

कोरडवाहू
फिरकायला थिएटर तर पाहिजे. मोजक्या पडद्यांवर लावला, २००८ च्या नोव्हेंबरात, आणि गुंडाळला. आपल्या तालुक्याला चांगला मराठी सिनेमा सकाळी ९ च्या खेळाला लावतात अन् मग म्हणतात पब्लिक येईना, तसलंच हे.

दिवटी (तुळजापूर)
एन-९ साहेब, "दार उघड" गाऊन म्हणतात म्हणून हसायलात? पैठणच्या नाथांनी काय केलं मग? "दार उघड बया दार उघड" अजून आमच्याकडं रात्रभर चालतं. तुम्ही पैठणपासून तासाभराच्या अंतरावर राहता हो!

आणि रक्ताचं कौतुक सांगू नका. पोतराज भर चौकात स्वतःच्या अंगावर कोरडे ओढून घेतो, बाई हलगी वाजवत असती. वळ उठतात, पोरं बघत असतात. तेव्हा कुणी डोकं तपासायला सांगितलं नाही. संबळाऐवजी ड्रम आला की लगेच विकृती?

एक मात्र खरं, ह्याची तुलना संगीत नाटकाशी करू नका. तिथं बोलायचं बोलतात आणि मग पद लावतात. ह्यात बहुतेक सगळं गाण्यातच. हे गोंधळाच्या आख्यानाला जवळचं.

सिडको एन-९
पोतराजाला त्याच्या पोटासाठी ते करावं लागतं. त्याची तुलना पॅरिस हिल्टनशी? धन्य आहे. त्या भूमिकेसाठी तिला रॅझी मिळाला, वर्षातल्या वाईटात वाईट सहायक अभिनेत्रीचा. उगाच नाही दिला.

बॅकबेंचर (लातूर)
पॅरिस हिल्टनला नावं ठेवणाऱ्यांनी तिचा चेहरा स्टेजवर गळून पडतो तो प्रसंग परत बघावा. सारख्या शस्त्रक्रिया करून घेणारी, नशेशिवाय न राहणारी श्रीमंत बापाची लेक. स्वतःचीच टर उडवून घेतलीय तिनं. एवढी हिंमत आपल्याकडच्या किती हिरॉइनींत आहे?

पण माझी खरी तक्रार सबटायटलची आहे. चौघं एकदम गातात आणि खाली एकाचीच ओळ. मला ती जीनकोची गायिका, ब्लाइंड मॅग, डोळे का उपटून देते हेच दुसऱ्यांदा बघताना कळलं.

उदगीरची मिरची
अरे!!! मी आज रात्री बघणार होते. डोळे उपटते हे सांगायची काय गरज होती? कुणी शेवट पण सांगून टाका आता.

बॅकबेंचर
सॉरी ताई. पण सिनेमा येऊन इतकी वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर. मॅग झालेल्या सारा ब्राइटमनचा आवाज ऐकायला तरी बघा.

थकबाकी (नांदेड)
मी वसुलीत आहे. नऊ वर्षं झाली. नाव मुद्दाम असलं घेतलंय.

कोरडवाहू भाऊ, टॉवेलची घडी घातली म्हणून त्या पोराला तुम्ही खाटीक केलं. त्यानं काय करायला पाहिजे होतं? फेकून द्यायचा? सहा हप्ते माणूस फोन उचलत नाही, घरी गेलं की बायको सांगती "शेतात गेलेत", आणि मागच्या दारातून बुलेट चालू झाल्याचा आवाज येतो. मुदखेडकडं माझ्यावर कुत्रं सोडलंय. पिंडरीवरचे व्रण अजून आहेत. गाडी यार्डात लागली नाही तर माझा इन्सेंटिव्ह जातो, माझ्या घराचा हप्ता तटतो. मग माझ्याकडं येतो तिसराच कुणीतरी. हे चक्र तुमच्या सिनेमात आहे का?

कोरडवाहू
आहे. तेच आहे. नेथनला स्वतःला मालकानं अडकवून ठेवलेलं असतं, घरी आजारी पोरगी असते, तिला बाप काय काम करतो ते माहीत नसतं. तुम्ही बघितलाय का?

आणि नियमाचं बोला. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही. त्याच साली झारखंडात हजारीबागला ट्रॅक्टर ओढून नेताना गरोदर बाई चाकाखाली गेली. आम्हाला रात्री साडेदहाला फोन यायचे. तेव्हा कुठं होते नियम?

थकबाकी
२०१५ ला २०२२ चा नियम कुठून असणार? आणि हजारीबागचं पाप नांदेडच्या माझ्या डोक्यावर टाकू नका. राग कर्जावर असेल तर घेतलं कशाला? शोरूममध्ये पेढे वाटून फोटो काढताना तुम्हीच पुढं असता.

कोरडवाहू
पेढे?? सोयाबीन पिवळं पडल्यालं बघायला या एकदा. तुमच्यासारख्यांना घामाचा पैसा काय असतो ते

दिवटी
दोघंही जरा दमानं. कोरडवाहू, वाक्य पूर्ण केलं नाहीत ते बरं केलंत.

माजलगावकरीण
मी हा सिनेमा अर्धाच बघितला. का ते सांगते, कुणी समजूत काढू नका.

माझी मावशी कोयत्यावर जायची. नवराबायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. पाळीत खाडा पडला की पैसे कापतात. पोट दुखतंय म्हणून गेली, तर एका दवाखान्यात सांगितलं पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. बत्तिसाव्या वर्षी काढली. खर्चाला परत उचल. म्हणजे अवयव गेला आणि कर्ज वाढलं, दोन्ही. २०१९ ला सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड बायांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मावशी त्यातला एक आकडा.

आता तुम्ही म्हणाल, बघा, सिनेमा खरा आहे. नको. आमच्या बायांच्या पिशव्या तुमच्या आवडत्या सिनेमाला सर्टिफिकेट म्हणून लावू नका. तिकडं मढ्यातून निघालेलं ते दुखणं मारायचं नशेचं औषध, झायड्रेट, निळं चमकतं, मागं गाणं वाजतं, प्रेक्षक टाळ्या देतात. मावशी चार पायऱ्या चढली की कंबर धरून बसते. त्याला चाल लावून दाखवा.

कोरडवाहू
ताई, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. सिनेमा तरी मला आवडतोच, ते खोटं बोलणार नाही.

सिडको एन-९
ताई, मी हेच म्हणत होतो.

माजलगावकरीण
नाही दादा, तुम्ही पॅरिस हिल्टनवर बोलत होतात. मला सिनेमात रक्त आहे ह्याचा राग नाही, देखणं आहे ह्याचा आहे. तुम्हाला रक्ताचाच राग. आपलं जमत नाही.

दिवटी
भारुडातही दुःखाला चाल लावतातच की ताई. मी भांडत नाही, पण हे एक राहतंच.

उदगीरची मिरची
बघितला. डोळ्यांचा प्रसंग आधी कळल्यामुळं तिथं काहीच वाटलं नाही, बॅकबेंचर यांचे आभार. पोरीच्या औषधाचं जे निघतं तिथं मात्र चरचरलं. ते काय आहे ते मी सांगणार नाही, कारण मला संस्कार आहेत.

थकबाकी
काल रात्री लावला. दवाखान्याचा सेट भंगार, गाणी निम्मी कळली नाहीत. नेथन घरी येतो, हात धुतो आणि पोरीशी मऊ आवाजात बोलतो, तिथं थांबवून ठेवला. माझी मुलगी पाचवीला आहे. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय "बँकेत" लिहिलाय. बास.

कोरडवाहू, काकांचा ट्रॅक्टर परत मिळाला का?

कोरडवाहू
नाही. लिलावात गेला. पलीकडच्या गावात दिसतो कधी कधी, बोनेटवर नवीन स्टिकर आहे. काका ओळखतात आवाजावरून.

सिडको एन-९
माझं मत बदललेलं नाही. कचरा तो कचरा. फक्त ते झायड्रेटचं गाणं तीन दिवस झाले डोक्यातून जात नाही, काल सिग्नलला गुणगुणत होतो तर रिक्षावाला बघायला लागला. तेवढं काढून न्यायला थकबाकी साहेबांनी माणूस पाठवावा. सकाळी ८ नंतर.