मदत हवी आहे : फेकजाळ्याच्या शिशाच्या गोळ्या साच्यात नीट उतरत नाहीत

तलावकाठी:
नमस्कार. अर्जुनी मोरगाव तालुक्यातून लिहितो आहे. आमच्याकडे मामा तलावात (म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात) फेकजाळ्याने मासे धरतात. घरच्या जाळ्याचा घेर पावसाळ्याआधी नव्याने बांधायचा आहे आणि त्याच्या शिशाच्या गोळ्या घरीच ओतायला घेतल्या आहेत. बाजारात मिळतात, पण एकाच पुडीत लहान-मोठ्या निघतात. घेराच्या एका बाजूला वजन जास्त झालं की जाळं गोल उघडत नाही, एक कड आधी बुडते आणि मरळ दुसरीकडून निसटते. म्हणून सगळ्या गोळ्या सारख्या हव्यात, तोळाभराच्या.

साचा ॲल्युमिनियमचा, दोन भागांचा, लेथवर करून घेतलेला. चार घरं आहेत. दोरी ओवायला भोक पडावं म्हणून प्रत्येक घरात खिळा बसतो. शिसं लोखंडी कढईत वितळवून पळीने ओततो.

अडचणी अशा: सुरुवातीच्या गोळ्यांवर सुरकुत्या येतात, कडा भरत नाहीत. नंतरच्या बऱ्या येतात, पण ओतायच्या तोंडाशी खड्डा पडतो, त्यामुळे वजन कमी भरतं. चौथं घर तर कायमच अर्धवट राहतं. शिवाय जोडावर पातळ पापुद्रा येतो, तो दोरा कापेल अशी भीती वाटते. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून आहे, पुढचं शिसं त्यातून काढावं असा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

ओतकामवाला, भंडारा:
भाऊ, सुरकुत्या म्हणजे साचा थंडा आहे. शिसं 327 अंशांना वितळतं, पण तेवढ्यावर ओतलं तर साच्याला टेकताच गोठतं. 370 ते 400 च्या दरम्यान ठेवा. साचा शेगडीच्या कडेला ठेवून आधी तापवा, आणि पहिल्या काही गोळ्या परत कढईत टाकायच्याच हे धरून चाला. अंदाज असा घ्यायचा: तोंडावरचं शिसं ओतल्याबरोबर गोठलं तर साचा थंडा, तीन-चार सेकंद घेतले तर बरोबर. गोळीवर पांढुरकी झाक आली तर साचा जास्त तापला. जाळ्याच्या गोळीला त्याने काही बिघडत नाही, फक्त जरा थांबून ओता.

साचा नवा असेल तर लेथचं तेल आत राहिलेलं असतं, त्यानेही सुरकुत्या येतात. भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात घासा आणि पूर्ण वाळवा. पूर्ण म्हणजे पूर्ण. पाण्याचा एक थेंब शिशाखाली अडकला तर त्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. ओली पळी किंवा ओला शिशाचा तुकडा कढईत कधीच जाऊ देऊ नका.

खड्ड्याचं कारण वेगळं. गोठताना शिसं साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि ती तूट तोंडाकडून भरून निघते. तोंड रुंद करून घ्या, ओतताना वर शिशाची टोपी राहू द्या, ती मागून तोडायची. चौथ्या घरातली हवा अडकत असणार. जोडाच्या पृष्ठभागावर घरापासून बाहेरपर्यंत टोकदार सुईने बारीक रेघा ओढा. हवा निघेल, शिसं निघणार नाही.

तलावकाठी:
धन्यवाद जी. साबणाने धुऊन, तापवून पाहिलं, सुरकुत्या गेल्या. चौथं घरही रेघा मारल्यावर भरलं. पापुद्रा मात्र आहेच, आणि खिळा निघताना गोळी ओरबाडते.

ओतकामवाला, भंडारा:
जोडावर शिशाचा कण चिकटला असेल, त्यामुळे साचा पूर्ण मिटत नाही. गरम असतानाच लाकडी काडीने काढा. लोखंडाने खरवडलं तर ॲल्युमिनियमवर चरा पडेल. खिळ्याला कानसने किंचित उतार द्या, टोकाकडे बारीक. मग मेणबत्तीच्या ज्योतीवर काजळी धरून बसवा, सहज सुटेल.

शिक्षिका, गडचिरोली:
दादा, बॅटरी फोडू नका, ही विनंती. आत तेजाब आहे आणि प्लेटांवर शिशाची बारीक भुकटी असते. ती कपड्यांवर, हातांवर बसून घरात येते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. काही प्लेटांत अँटिमनी आणि आर्सेनिक असतं. वितळवून उरलेल्या मळीला ओल लागली तर विषारी वायू सुटू शकतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत भंगारवाल्याकडे द्यायची असते. ओतकाम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून करा. मुलं आणि गरोदर बाई जवळ नको. ती कढई आणि पळी परत स्वयंपाकात नको. मळी झाकणाच्या डब्यात ठेवा, तलावात टाकू नका. काम झाल्यावर साबणाने हात धुऊन मगच जेवा.

तलावकाठी:
बॅटरी दुकानात देऊन टाकतो, ताई. टायरवाल्याकडची, चाक बॅलन्स करायला लावतात ती वजनं चालतील का?

ओतकामवाला, भंडारा:
चालतील, पण आधी निवडा. हल्ली बरीच लोखंडाची आणि जस्ताची येतात. लोखंडाची चुंबकाने वेगळी होतात. शिशावर पकडीने दाबलं तर खोल वण पडतो, जस्तावर जेमतेम उमटतो. जस्त 419 अंशांना वितळतं, म्हणून आच मंद ठेवली तर चुकून आलेलं वर तरंगतं, तेव्हाच झाऱ्याने काढा. एकदा का विरघळलं की सगळं शिसं नासलेल्या दुधासारखं गुठळ्या-गुठळ्यांचं होतं आणि साच्यात भरतच नाही. त्याच कारणाने जस्ताचा मुलामा दिलेली बादली वितळवायला घेऊ नका. जुन्या केबलवरचं शिसं मिळालं तर सर्वात चांगलं, मऊ असतं, जाळ्याला बसवताना दाबलं तरी तडकत नाही.