लॅब्रेडॉर कुत्र्याला सारख्या उलट्या होतायत, फूड ॲलर्जी असेल का? (नाशिक)

गोल्याची_आई, इंदिरानगर

नमस्कार मंडळी. आमचा गोल्या, लॅब, चार वर्षांचा, वजन ३० किलोच्या आसपास. गेले दोन-तीन महिने त्याला अधूनमधून उलट्या होतायत, म्हणजे मध्ये चार-पाच दिवस एकदम ठणठणीत असतो आणि मग पुन्हा पहाटे तो आवाज येतो, पोट आत-बाहेर व्हायला लागतं आणि आपण उठून लाईट लावेपर्यंत देवघरासमोर पिवळा फेस. कधी त्यात गवत असतं. आणि पाच मिनिटांत शेपटी हलवत भांड्यापाशी हजर, जणू काही झालंच नाही. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की थांबतं, मग परत चालू. आता ते म्हणतायत फूड ॲलर्जी वाटतेय, खाणं बदला. ड्राय फूडचा ब्रँड बदलला, आठवडाभर बरं वाटलं, परत तेच. सकाळी ड्राय फूड, संध्याकाळी सातला चिकन-भात, शिवाय सासऱ्यांच्या चहासोबत बिस्किट आणि जेवताना पोळीचा तुकडा. हे सगळं बंद करायचं तर नेमकं काय द्यायचं? मला खूप काळजी वाटतेय, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

देवळाली_कॅम्प

ताई, आधी एक बघा, ही खरी उलटी आहे का नुसतं अन्न वर येतंय. पोट आकसतं, उबळ येते, लाळ गळते ती उलटी. काही जोर न लावता खाल्लेलं तसंच्या तसं बदकन बाहेर पडतं ते वेगळं, त्यात अन्ननलिकेचा प्रॉब्लेम असू शकतो आणि तपासणीही वेगळी लागते. तुम्ही लिहिलंय त्यावरून उलटीच वाटतेय, तरी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. आणि कालनिर्णयवर लिहायला लागा, किती वाजता, काय पडलं, आदल्या दिवशी काय काय खाल्लं. आमच्या इंडीच्या, म्हणजे देशी कुत्रीच्या, त्रासाचं खरं कारण त्या कालनिर्णयवरच सापडलं.

पंजे चाटतो का? कानाला वास येतो का? शी कशी आहे?

सातपूरकर_टायसन

आमच्या ओळखीत एकांनी लाळेची ॲलर्जी टेस्ट केली, ऑनलाईन किट मिळतं, घरीच करायची. ग्रेन फ्री, म्हणजे धान्य नसलेलं फूड सुरू करा, गहू-तांदूळ कुत्र्यांना झेपत नाही असं म्हणतात.

क्लिनिकवाली_नाशिकरोड

टायसनदादा, तुमचा हेतू चांगलाच आहे पण लाळेच्या आणि केसांच्या टेस्टवर पैसे घालवू नका असंच मी सगळ्यांना सांगते. मी व्हेट (प्राण्यांची डॉक्टर) नाही, व्हेटच्या क्लिनिकमध्ये बरीच वर्षं काम करतेय. फूड ॲलर्जी पक्की करायचा भरवशाचा मार्ग एकच, जुनं सगळं बंद करून ठरावीक खाणं देऊन बघायचं आणि मग जुनं परत देऊन बघायचं. रक्ताच्या टेस्टवरही त्यासाठी विसंबता येत नाही. आणि कुत्र्यांमध्ये ॲलर्जी बहुतेक वेळा प्रोटीनची निघते, बीफ, दूध, चिकन हे वरच्या नंबरात, गहू पण आहे त्यात, पण तांदळाचं प्रमाण कमी. ग्रेन फ्री फूड आणि हृदयाचा आजार यांच्या संबंधाबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये चौकशी सुरू केली होती, त्याचा ठाम निकाल लागला नाही, पण डॉक्टरांना न विचारता ते सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ताई, अजून एक. रोज जे पोटात जातं त्याचीच ॲलर्जी होते, शरीराची आधी ओळख झालेली असावी लागते. त्यामुळे वर्षानुवर्षं चिकन खाणाऱ्याला चिकनची ॲलर्जी कशी होईल हा विचार डोक्यातून काढा. ब्रँड बदलला म्हणताय, पण दोन्ही पाकिटांवरची घटकांची यादी वाचा, बहुतेक दोन्हीत चिकनच असेल. पुढे 'लॅम्ब' लिहिलेल्या पाकिटातसुद्धा मागे बारीक अक्षरात चिकन मील (चिकनची पूड) सापडतं.

मखमलाबाद_मळा

मी ॲलर्जीचं काही सांगू शकत नाही पण आपण नाशिककर म्हणून एक विचारतोच. द्राक्षं, बेदाणे, मनुका घरात कुठे त्याच्या तोंडाला लागतात का? आमच्याकडे बाग आहे, सीझनला खाली मणी पडलेले असतात, कुत्री खातात, आणि पूर्वी कोणाला माहीतच नव्हतं की द्राक्षाने कुत्र्याची किडनी जाते. आधी उलट्या होतात, मग मलूल पडतं, मग लघवी कमी होत जाते. किती खाल्ली तर चालतं असं प्रमाणच नाही, एखाद्याला थोड्यानेही होतं. २०२१ पासून यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं पुढे आलंय, आणि ते चिंचेतही असतं, म्हणून चिंचेची आमटी भातावर नको. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे तर लोक हौसेने भरवतात. कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, तेही बंद. द्राक्षं खाल्ली असं दिसलं तर उलटीची वाट बघू नका, तडक डॉक्टरकडे. आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रकार कोणी करू नका, रक्तात मीठ वाढून कुत्रं त्यानेच दगावू शकतं.

गोल्याची_आई, इंदिरानगर

सगळ्यांचे खूप आभार. द्राक्षं देत नाही, पण शिरा आणि आमटी-भात मिळतो त्याला, आजपासून बंद. देवळालीकर, हो, पंजे सारखे चाटतो, पुढच्या पायांचे केस तपकिरी झालेत, आणि उजव्या कानाला आंबूस वास येतो, औषध घातलं की जातो आणि परत येतो. शी कधी मऊ असते. उलटी जवळजवळ दरवेळी पहाटे चार ते सहामध्येच. गोचीड पावसाळ्यानंतर सापडले होते.

क्लिनिकवाली_नाशिकरोड

कान, पंजे, मऊ शी आणि उलटी एकत्र असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यायला जागा आहे, तुमच्या डॉक्टरांचं चुकत नाहीये. पण पहाटे रिकाम्या पोटी पिवळा फेस म्हणजे पित्त, आणि ते नुसतं पोट फार वेळ रिकामं राहिल्यानेही होतं. सात वाजता जेवल्यावर सकाळपर्यंत बारा तास होतात. रोजचंच जेवण तीन वाट्यांत करा आणि शेवटची वाटी झोपायच्या आधी दहा-साडेदहाला द्या, जास्तीचं नाही हं, लॅब लगेच सुटतो. तेवढ्याने पहाटेची उलटी थांबली तर उलटीचं कारण कळलं, मग कान-पंजांचा विचार स्वतंत्र करता येईल. दोन्ही बदल एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

त्याआधी मात्र बाकीच्या तपासण्या व्हायला हव्यात. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि प्लेटलेट, कारण गोचीड सापडलेत आणि टिक फीव्हर, म्हणजे गोचिडाने होणारा ताप, आपल्याकडे भरपूर आहे. लिव्हर-किडनी. शी तपासून जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी). सोडियम-पोटॅशियम पण करायला सांगा, ॲडिसन नावाचा हार्मोनचा आजार अगदी असाच येतो-जातो आणि सहज निसटतो. पँक्रियाची (स्वादुपिंडाची) टेस्ट आणि सोनोग्राफी डॉक्टर गरज बघून सांगतील, लॅब मोजे, चिंध्या, आंब्याची कोय काहीही गिळतात. पुढची तपासणी नाशिकमध्ये नाही जमली तर मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, पण मला नाही वाटत तुम्हाला तिथपर्यंत जावं लागेल.

उलटीत रक्त आलं, पाणीसुद्धा टिकत नसेल, किंवा पोट फुगलंय आणि नुसत्या उबळा येऊन काहीच पडत नाहीये असं झालं तर मात्र रात्र असली तरी थांबायचं नाही. त्या शेवटच्यात पोटाला पीळ पडलेला असू शकतो, त्यात तास मोजायचे असतात.

देवळाली_कॅम्प

आमची इंडी चिकनच्या ॲलर्जीवाली निघाली म्हणून सांगतो खाणं बदलून बघायची ट्रायल कशी केली. दोन पर्याय असतात. एक, डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड फूड, त्यात प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर ते ओळखतच नाही, पण महाग पडतं, लॅबसाठी तर पिशवी भराभर संपेल. दुसरा, कधीच न खाल्लेलं मांस घरी शिजवून. आम्ही मासे आणि रताळं दिलं, तिला मासे कधीच मिळाले नव्हते. तेल, मसाला, हळद काही नाही. काटा मात्र एकेक काढावा लागतो, मी ताटात पसरून बोटाने चाचपून बघायचो. पोटाचा फरक साधारण दोन-तीन आठवड्यांत दिसतो, त्वचा आणि कानाला आठ आठवडे द्यावे लागतात. घरचं असं खाणं तेवढ्या काळापुरतं ठीक, कायमचं करायचं तर कॅल्शियम वगैरे डॉक्टरांकडून बसवून घ्या.

आणि या काळात बाहेरचा एक घासही नाही. सासऱ्यांचं बिस्किट म्हणजे गहू आणि दूध दोन्ही आलं. त्यांना रागवू नका, त्यांच्या हातात रताळ्याचे उकडलेले तुकडे द्या, चहाच्या वेळी तेच भरवू दे, आमच्या आईने तसंच केलं. कामवाल्या मावशी, वॉचमन सगळ्यांना सांगून ठेवा.

बरं वाटल्यावर चिकन परत द्यायला जीव होत नाही, पण द्यावंच लागतं. परत उलटी, खाज आली तरच पक्कं. आमच्या इंडीला दुसऱ्याच दिवशी लागलं, पण दोन आठवड्यांपर्यंतही येऊ शकतं.

गोल्याची_आई, इंदिरानगर

छान समजलं. उद्या रक्त आणि शीची तपासणी करून घेते, रात्रीची वाटी आजपासूनच सुरू करते आणि कालनिर्णयवर लिहायला लागते. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते रताळ्याला तयार आहेत. एकच शंका, ट्रायलच्या काळात गोचिडाची चघळायची गोळी देऊ का? पुढच्या आठवड्यात ड्यू आहे.

क्लिनिकवाली_नाशिकरोड

चांगलं विचारलंत. चघळायच्या गोळ्यांत बहुतेक वेळा बीफ, पोर्क किंवा चिकनचा फ्लेवर असतो, जंताच्या गोळीतही असतो. गोचिडाचं औषध चुकवू मात्र नका, डॉक्टरांना मानेवर सोडायचं स्पॉट-ऑन मागा. लावल्यावर ती जागा त्याला चाटू देऊ नका. रिपोर्ट आले की इथे टाका, प्लेटलेटचा आकडा नक्की लिहा.