अनुभव धागा: दुर्बिणीतून केलेलं स्लिप डिस्कचं ऑपरेशन

मनीषा, मुलुंड (धागा सुरू करते आहे)

ओळखीत कुणाचा एमआरआय झाला आणि त्यात 'डिस्क' हा शब्द आला की मला फोन येतो. "ताई, तुमचं झालंय ना, करू का मी पण?" एकट्या माझ्या अनुभवावर कुणी ठरवू नये म्हणून हा धागा. ज्यांनी छोट्या छेदाचं ऑपरेशन करून घेतलं, ज्यांना सांगितलं असून केलं नाही, किंवा ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय, त्या सगळ्यांनी लिहा. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलची नावं नकोत. दुखणं कुठून कुठे जायचं, कोणती पद्धत, कामावर कधी गेलात आणि आता कसं आहे, हे सविस्तर येऊ द्या.

माझी सरकलेली गादी (मणक्यांमधली डिस्क) एल५-एस१ची, म्हणजे कंबरेतली सगळ्यात खालची. कळ मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून करंगळीपर्यंत. स्टेशनचा जिना चढताना डाव्या पायाचा चवडा शरीर वर ढकलायचाच नाही. डॉक्टरांनी एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं, तर टाच जमिनीवरून उठेना. औषधं, फिजिओ, नसेजवळचं इंजेक्शन सगळं करून झालं होतं आणि पायातली ताकद उतरत चालली होती, म्हणून ऑपरेशन ठरलं. बाजूने दुर्बीण घालण्याचा विचार होता, पण माझं कमरेचं हाड उंच असल्याने त्या जागी ती वाट अडते. मग पूर्ण भूल देऊन पाठीमागून, इंचभर छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली केलं.

शुद्धीवर आले तेव्हा पायातली कळ गेलेली होती. बधिरपणा मात्र कित्येक महिने रेंगाळला, आणि कंबर अजूनही अधूनमधून दुखते. सर्जननी आधीच बजावलं होतं, "हे ऑपरेशन पायासाठी आहे, कंबरेसाठी नाही."

मला सगळ्यात जास्त हे सांगायचंय: छेद छोटा म्हणजे आजारपण छोटं, असं समजू नका. कातडी दहा-बारा दिवसांत भरते. गादीच्या आवरणाला जे भोक पडलेलं असतं ते भरायला बरेच आठवडे जातात, कारण गादीला रक्तपुरवठा फार कमी असतो. घरच्यांना आणि साहेबांना टाके दिसत नाहीत, म्हणून ते "आता बरी आहेस ना" म्हणत कामाला लावतात. त्या दीड-दोन महिन्यांसाठी भांडा. मी भांडले.

बसचालक, विक्रोळी

मनीषाताई, माझं एल४-एल५, म्हणजे तुमच्या वरची गादी, उजवा पाय. कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्यावर. दुखणं मी सोसत होतो, पण एके दिवशी एक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेकवर न्यायला जड गेलं. अंगठा आणि पाऊल वर ओढणारी नसच दबली होती. त्याच दिवशी डेपोत सांगून गाडीवरून उतरलो. पाठीमागे माणसं बसलेली असतात.

माझं दुर्बिणीतून झालं, जागेपणी. लोक याला घाबरतात म्हणून जरा नीट लिहितो. पालथं झोपवलं, पोटाखाली उशा, हाताला सलाइन. थोडं गुंगीचं औषध दिलं, पण बोलता येत होतं. कंबरेच्या बाजूला, मधल्या रेषेपासून बरंच लांब, जागा बधिर केली. एक्स-रेचं मशीन सारखं डोक्यावर फिरत होतं, त्याच्या पडद्यावर बघत सुई आत घातली. गादीत निळा रंग सोडला, म्हणजे खराब भाग दुर्बिणीत वेगळा दिसतो. मग सुईच्या वाटेवरून आठ-एक मिलिमीटरची नळी. आतून पाणी सतत वाहत असतं, त्याचा आवाज येतो. सगळ्यात वाईट क्षण नळी आत सरकवतानाचा: पायात जोराचा झटका आला आणि मी ओरडलो. डॉक्टर लगेच थांबले, दिशा थोडी बदलली, मग पुन्हा. पेशंटला जागं ठेवण्याचं कारणच हे. नसेला धक्का लागला तर मशीनच्या आधी पेशंट सांगतो. मधे मधे विचारत होते, "अंगठा वर करा." एका टप्प्यावर कळ गेली. हळूहळू कमी होत नाही, जाते. नंतर बाटलीत काढलेला तुकडा दाखवला, खेकड्याच्या मांसासारखा पांढरा, तंतू तंतू सुटलेला. संध्याकाळी चाललो, दुसऱ्या दिवशी घरी.

ताकद यायला मात्र तीन-चार महिने गेले. स्टिअरिंगवर परत बसायच्या आधी पावलाची ताकद तपासून घेतली. ड्रायव्हर मंडळींनो, दुखणं थांबलं म्हणजे पाय तयार झाला असं धरू नका.

केतकी, गिरगाव

मी बाबांबद्दल लिहिते. ऑपरेशन करू की नको हा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही. आठवडाभर कंबर धरलेली होती. एका सकाळी दोन्ही पाय जड झाले, आणि लघवीला जाऊन आले तरी पोट फुगलेलं. संकोचाने बोलले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले की बसायच्या जागेला काही लागतच नाही, बधिर झालंय. शेजारच्या नर्सताईंनी ते ऐकलं आणि आम्हाला तडक टॅक्सीत बसवलं. पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये रात्रीच एमआरआय, पहाटे ऑपरेशन. गादीचा मोठा तुकडा खाली नसांच्या झुपक्यावर पडला होता. हे शक्यतो 48 तासांच्या आत मोकळं करावं लागतं. अशा वेळी छेद केवढा हा विचार कुणी करत नाही, नसा मोकळ्या होणं महत्त्वाचं.

बाबा आता चालतात. लघवीसाठी काही महिने नळी वापरावी लागली, अजून पूर्वीसारखं नाही. कृपया घरातल्या वडीलधाऱ्यांना हे स्पष्ट शब्दांत विचारत जा: लघवी होते का, समजते का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का? ते आपणहून सांगणार नाहीत.

शिक्षिका, बोरिवली

मला दोन ठिकाणी ऑपरेशन सांगितलं होतं आणि मी केलं नाही. धाडस म्हणून नाही. तिसऱ्या डॉक्टरांनी पायाची ताकद आणि रिफ्लेक्स तपासून सांगितलं की नस दुखते आहे पण मेलेली नाही, थांबायला हरकत नाही. पहिले सहा आठवडे फार हाल झाले, फळ्यापाशी उभी राहून शिकवायचे कारण बसवत नव्हतं. तीन महिन्यांनी बाजारात चालत गेले. वर्षभराने पुन्हा एमआरआय केला तर गादीचा बाहेर आलेला तो मोठा तुकडा जवळजवळ विरघळलेला. बाहेर निसटलेले मोठे तुकडे शरीर स्वतःच शोषून घेतं, हे मला आधी माहीतच नव्हतं.

आणि रिपोर्टमधल्या 'बल्ज'ला, म्हणजे गादी थोडी फुगून बाहेर आलीय एवढ्याला, घाबरू नका. 2015 मध्ये आलेल्या एका आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या लोकांचे फोटो पाहिले तेव्हा विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत बल्ज होता. माझ्या मैत्रिणीला नुसत्या कंबरदुखीसाठी, पायात काही नसताना, एका ठिकाणी 'लेझरने गादी बसवून देतो' म्हणून मोठं पॅकेज सांगितलं होतं. तिला मी हात धरून परत आणलं.

पोळीभाजी केंद्र, भांडुप

माझं दोनदा झालं. पहिलं छान झालं, पायऱ्या चढत होते. दुसऱ्या महिन्यात ओट्यापाशी उभी असताना जोराची शिंक आली आणि तीच कळ परत. काही उचललं नव्हतं. त्याच भोकातून गादीतला उरलेला गर पुन्हा बाहेर आला होता. साधारण शंभरात पाच ते दहा जणांना असं होतं, हे पहिल्या वेळी कागदावर सही घेताना सांगितलेलं होतं. दुसऱ्या वेळी आतलं चिकटलेलं असल्याने वेळ जास्त लागला. आता कणकेचा डबा दोघी मिळून उचलतो आणि शिंक येताना भिंतीला हात टेकते. आठव्या महिन्यापासून पूर्ण काम करते आहे.

अंधेरीहून

मेडिक्लेमवाल्यांसाठी दोन ओळी. पुष्कळ पॉलिसींत डिस्कच्या आजाराला सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं, अपघात असेल तर वेगळं. आमचा कॅशलेस याच कारणाने ऐन अ‍ॅडमिशनच्या सकाळी नाकारला आणि उसनवारी करावी लागली. खोलीच्या भाड्याची मर्यादाही बघा, वरची खोली घेतली तर सर्जनच्या फीपर्यंत सगळ्यातच कपात होते.

लालबाग

माझं ऑपरेशन येत्या आठवड्यात आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, संडास सार्वजनिक आणि बैठे. कसं करू?

मनीषा, मुलुंड

दादा, जिन्याची भीती नको. कठड्याला धरून, एकेक पायरी, दुसऱ्या दिवसापासून चढता येतं. फक्त दिवसातून एकदाच चढउतार होईल असं बघा. खरी अडचण उकिडवं बसण्याची. घडीची कमोड खुर्ची भाड्याने मिळते, ती आत्ताच आणून खोलीत जागा करून ठेवा. मांडी घालून जेवायला बसू नका, मुलांना उचलू नका.

बसचालक, विक्रोळी

आणि पाण्याची बादली. चाळीत सकाळी पाणी येतं तेव्हा हात आपोआप जातो तिकडे. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. तंबाखू-सिगारेट असेल तर आजच बंद, गादी भरून यायला त्याने अडथळा येतो. तारीख कळवा, मी भेटायला येतो.