मदत हवी आहे: बिल नसलेल्या घड्याळाचा विमा

वारशाने आलेलं ऑटोमॅटिक घड्याळ घराच्या विम्यात स्वतंत्रपणे नोंदवायचं आहे, कारण पॉलिसीतली प्रतिनग मर्यादा फारच तोकडी आहे. बॉक्स, वॉरंटी कार्ड, बिल काहीच नाही. पट्टा काढून लग्जच्या (घड्याळाला पट्टा जोडतात त्या टोकांच्या) मधल्या सीरियल नंबरचे स्पष्ट फोटो, सर्व्हिसिंगची पावती आणि लेखी मूल्यांकन दिलंय. तरी कंपनी खरेदीच्या पुराव्यावर अडून आहे. डायल नंतर बदललेली आहे. हे मूल्यांकनात मुद्दाम नमूद केलंय, नाहीतर दाव्याच्या वेळी त्यावरूनच वाद होतो. घड्याळ रोज हातात असतं, म्हणून घराबाहेरचं संरक्षण हवंच, लॉकरची अट चालणार नाही. भरपाईची रक्कमही आधी ठरलेली हवी, घसारा कापून नको. बिलाऐवजी वारसाचं प्रतिज्ञापत्र चालतं का, की आणखी काही जोडावं लागतं?