केंद्रातल्या तळ्यात जाळीला चिखलाशिवाय काही लागत नाही

माळरान: आमच्या निसर्ग केंद्रातलं तळं 4 बाय 3 मीटरचं, मधे 60 सें.मी. खोल. 30 मुलांचा वर्ग पाण्यातले जीव बघायला येतो आणि सगळे एकदम काठावरून जाळ्या घालतात. दहा मिनिटांत पाणी गढूळ. डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेले आहेत. चतुराच्या अळ्या, टॅडपोल (बेडकांची पिल्लं) जवळजवळ दिसेनासे झालेत. पाणी उतरलं की नळाचं भरतो. उपक्रम बंदच करावा का?

पाणविंचू: बंद नको, आधी गप्पी काढा. ते डासांच्या अळ्यांबरोबर बाकीच्यांची अंडी आणि नुकत्या बाहेर पडलेल्या अळ्याही फस्त करतात. एवढ्याशा तळ्यात लपायला जागा कुठली? जाळीने धरून संपणार नाहीत. एकच मादी उरली तरी पुरते, कारण ती नराचं बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते. पाणी सर्वांत कमी असेल तेव्हा तळं पूर्ण उपसून तळ सुकू द्या. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. त्यामुळे पाणवनस्पती नीट खळखळून धुतल्या की बादलीत जपून ठेवता येतात. काढलेले मासे ओढ्यात किंवा नदीत मात्र अजिबात सोडू नका.

पाणी भरल्यावर सुरुवातीला डास वाढतील, कारण त्यांना खाणारे किडे उडत येऊन वस्ती करायला वेळ घेतात. तोवर आठवड्यातून एकदा पांढऱ्या वाटीने पाणी काढून बघा. अळ्या फारच असतील तर बीटीआय (डासांच्या अळ्या मारणारं जिवाणूंचं औषध) वापरा.

रानवाट: मासे गेले तरी 30 जाळ्या एकदम पडल्या तर हेच होणार. पाच-सहा मुलांचा एकच गट पाण्याशी, दोघांत एक जाळी; बाकीचे टेबलावर ओळख-तक्ते घेऊन. जाळीची वीण साधारण 1 मि.मी.ची हवी. जाळी वनस्पतींच्या कडेने इंग्रजी 8 च्या आकड्यासारखी फिरवायची, तळाला टेकवायची नाही. गढूळपणा बहुतेक तिथूनच येतो. पांढऱ्या ट्रेमध्ये तळ्याचंच 2-3 सें.मी. पाणी आधीच भरून सावलीत ठेवा. उन्हात उथळ पाणी लगेच तापतं आणि त्यातला प्राणवायू घटतो. चतुराची अळी वेगळ्या डबीत, नाहीतर ती ट्रेमधल्या बाकीच्यांवर ताव मारते. (मुलांना तेच बघायचं असतं म्हणा.) 20 मिनिटांत सगळं परत पाण्यात, मग साबणाने हात धुणं.

पाणविंचू: जाळ्या दुसऱ्या तळ्यावर नेत असाल तर मधे धुऊन कडकडीत वाळवा. बेडकांचा बुरशीजन्य रोग ओल्या जाळीतूनही पसरतो.

माळरान: आणि नळाचं पाणी? शेवाळही फार धरतं.

रानवाट: छपरावरचं पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर तेच घाला. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट असेल तर शेवाळाला आयतं खत मिळतं. नाइलाज असेल तर क्लोरीन उडून जावा म्हणून नळाचं पाणी उघड्या पिंपात 24 तास ठेवून थोडं थोडं ओता. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) वापरत असतील तर नुसतं ठेवून ते जात नाही, क्लोरीन काढणारं द्रावण लागतं. एकदा विचारून घ्या. शेवाळ काठीला गुंडाळून काढा आणि एक दिवस काठावरच राहू द्या, अडकलेले किडे परत पाण्यात उतरतात. दुसऱ्या दिवशी मात्र उचलाच, कुजलं की त्याचं पाणी पुन्हा तळ्यातच जातं.