रानपिंगळा दिसलाय का कुणाला? अनुभव लिहा

मेळघाटात रानपिंगळा (जंगलातलं दुर्मिळ छोटं घुबड) बघून आल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये म्हणून हा धागा काढतेय. ज्यांना दिसलाय त्यांनी लिहा, जंगल कसं होतं, ओळखला कसा. माझं सांगते. चांगलं ऊन वर आलेलं, पानगळ झालेल्या सागाच्या उघड्या फांदीवर हा बसलेला आणि शेपटी सारखी झटकत होता. गाइड दादा म्हणाले, ताई, आधी कपाळ बघा. ठिपके जवळजवळ नाहीतच, सपाट तपकिरी! छातीवर गडद पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र, आणि पायांवर दाट पांढरी पिसं, लोकरीचे मोजे घातल्यासारखी.

सातपुडेकर: मी शहाद्याचा. आमच्याच भागात नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी अभ्यासकांना तो परत सापडला, त्याआधीचा म्युझियममधला शेवटचा खरा नमुना १८८४ चा. मधे माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षिसंग्राहकाने १९१४ ला गुजरातेत मिळाला म्हणून दाखवलेला नमुना म्युझियममधून चोरून लेबल बदललेला निघाला, त्याच्या नादाने लोक भलतीकडेच शोधत बसले, याचा मला अजून राग येतो. आता आमच्याकडचं जंगल विरळ झालंय, वडील दाखवायचे ते जुने ढोलीवाले साग राहिले नाहीत. ढोली नसेल तर तो घरटं करणार कुठे?

वैतरणा: आम्हाला तानसाला दिसला. २०१४ ला तिथे नोंद झाली तेव्हा मुंबईच्या इतक्या जवळ म्हणून सगळेच चकित झालेले. तिथे जंगली पिंगळापण आहे, त्याला अंगभर बारीक आडव्या पट्ट्या, डोक्यावरसुद्धा, त्यामुळे नीट बघितलं तर गोंधळ होत नाही.

शेतावरची: आमच्या वडावर जोडी आहे, डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, संध्याकाळ झाली की कलकलाट सुरू. रानपिंगळाच असेल का?

सातपुडेकर: नाही ताई, तो साधा पिंगळा. गावात, वडापिंपळावर, घराच्या वळचणीला असतो तो. रानपिंगळा जंगल सोडत नाही आणि दिवसाढवळ्या सरडे, उंदीर पकडतो.

धागाकर्ती: एक कळकळीची विनंती, ढोलीची नेमकी जागा इथे लिहू नका, आणि फोटोसाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, पिल्लं सोडून तो त्या आवाजामागे लागतो. यावलकडचं कुणी असेल तर लिहा ना, तिकडचं जंगल आत्ता कसं आहे?